फ्युएल सेलमधली स्टीलची प्लेट ऑक्सिडाइज होते, उपाय काय?

प्रश्न असा आहे की सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये (इंधनातून थेट वीज बनवणारा सिरॅमिकचा सेल) दोन सेल जोडणारी स्टीलची प्लेट, म्हणजे इंटरकनेक्ट, ७००-८०० अंशांना टिकवायची कशी.

आमच्या शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतून निघालेला जुना ट्रे हातात घेऊन बघा. नखाने खरवडलं तरी काळे पापुद्रे सुटतात. इथेही तेच होतं, फक्त या प्लेटमधून वीज जायची असते. त्यामुळे ऑक्साइडचा थर पातळ, घट्ट आणि वीज वाहणारा हवा.

३०४, म्हणजे नेहमीचं स्टेनलेस स्टील, वापरू नका. तापल्यावर ते सेलच्या सिरॅमिकपेक्षा फारच जास्त फुगतं आणि सील तडकतात. साधारण २२ टक्के क्रोमियमचं फेरिटिक स्टील (३०४ पेक्षा कमी फुगणारा स्टीलचा प्रकार) घ्या, सिलिकॉन अगदी कमी आणि चिमूटभर लँथॅनम हा धातू असलेलं. लँथॅनममुळे थर धातूला धरून राहतो. ॲल्युमिनियम घालायचा मोह होईल, पण त्याचा ऑक्साइड, म्हणजे ॲल्युमिना, वीज अडवतं. जिथे संपर्क आहे तिथे ते चालत नाही.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. दमट हवेत क्रोमियम वाफेच्या रूपात उडतं आणि कॅथोडवर, म्हणजे सेलच्या हवेकडच्या इलेक्ट्रोडवर, जाऊन बसतं, मग सेल हळूहळू मंदावतो. यासाठी हवेच्या बाजूला मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा (या दोन धातूंच्या मिश्र ऑक्साइडचा) लेप द्या, दहा-पंधरा मायक्रॉन पुरे. भाजताना आधी हायड्रोजन असलेला वायू, मग हवा. नुसत्या हवेत भाजला तर लेप सच्छिद्र राहतो.

आणि हो, प्लेट बनवण्याआधी एक छोटा तुकडा भट्टीत हजार तास ठेवून वजन किती वाढलं, म्हणजे थर किती जमला, ते बघा. नुसतं वजनही पुरत नाही, विद्युतरोधही मोजा.