ताईंचे कायदे आधी वाच

प्रिय मुली,

पंचायतीला उभी राहायचं ठरवलंस, बरं केलंस. प्रचारात शशिकलाताई काकोडकरांबद्दल काय बोलू, असं विचारलंस. ‘गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री’ हे तर सगळेच बोलतात. आजवर दुसरी झालेली नाही, हे सहसा कुणी बोलत नाही. तू बोल.

ताईंना ‘भाऊसाहेबांची मुलगी’ म्हणून मोडीत काढणारे तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ऑगस्ट १९७३मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि ३८ वर्षांच्या ताई गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्री झाल्या; आडनाव काहीही असो, खुर्ची वडिलांचीच होती. पण पुढे त्यांनी केलं काय? भाऊसाहेबांच्या काळातल्या १९६४च्या कुळकायद्यानं कुळाला संरक्षण दिलं होतं. ताईंच्या सरकारनं १९७६मध्ये त्याच कायद्यात पाचवी दुरुस्ती करून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. त्याआधी १९७५मध्ये मुंडकार कायदा आला. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत. भाटकाराची मर्जी फिरली की बिऱ्हाड रस्त्यावर. या कायद्यानं त्याला हुसकावण्यापासून वाचवलं आणि घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क दिला. माझ्या मते ताईंचं सगळ्यात मोठं काम हेच. गंमत म्हणजे त्यांच्यावरच्या भाषणांत याला जेमतेम एक ओळ मिळते.

सत्तेचं म्हणशील तर १९७७ची निवडणूक त्यांनी पुन्हा जिंकली, आणि एप्रिल १९७९मध्ये स्वपक्षाचेच काही आमदार फुटल्यानं सरकार पडलं. पुढे त्यांनी पक्षही बदलले. ते झाकू नकोस, लोकांना सगळं आठवतं.

१९९०च्या सुमारास त्या शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर माध्यम मराठी किंवा कोकणी असलं पाहिजे, असं धोरण आलं. अनेक पालक नाराज झाले. २०११मध्ये सरकारनं इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचातून आंदोलनात उतरल्या. तुझं मत वेगळं असेल तर असू दे. मतं जाणार हे दिसत असूनही त्या मागे हटल्या नाहीत, एवढं मात्र बघ.

आता कामाचं. मुंडकार कायद्याला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी मामलेदाराकडे दावे अजून पडून आहेत. भाषण लिहायच्या आधी तुझ्या प्रभागातल्या घरांची यादी कर. कोण मुंडकार, कुणाची नोंद झाली, कुणाची राहिली, म्हाताऱ्या विधवा बाईचं नाव कागदावर आहे की नुसतं दिराचं, हे दारोदार जाऊन विचार. बायका नवऱ्यादेखत बोलणार नाहीत, म्हणून दुपारची जा. यादी झाली की मला दाखव. अर्ज कसे भरायचे ते आपण बसून बघू.

तुझी,
मावशी