चिठ्ठीवर चालणारा कारभार : प्राचीन अथेन्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्राचीन ग्रीकांच्या राज्यकारभाराविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ग्रीस तेव्हा एक देश नव्हता. शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती आणि प्रत्येकाची घडी निराळी होती. त्यांतल्या अथेन्सच्या कारभाराचे बारकावे सर्वांत जास्त टिकले आहेत, म्हणून उत्तरं इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांतल्या अथेन्सविषयी आहेत.

अथेन्समध्ये अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमत, असं वाचलं. मग एखादा अडाणी किंवा लबाड माणूस पदावर आला तर? (सातारा)

तसा माणूस येणार हे धरूनच सगळी रचना केली होती. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने नागरिकांचे दहा गण पाडले. प्रत्येक गणात थोडा भाग शहरातला, थोडा किनाऱ्यावरचा, थोडा आतल्या खेड्यांतला असे. त्यामुळे एखाद्या मुलखातल्या बड्या घराण्याला अख्खा गण मुठीत ठेवणं अवघड झालं. दर गणातून चिठ्ठीने ५० असे ५०० जण वर्षभरासाठी मंडळावर जात. वय तिशीच्या पुढचं हवं आणि उभ्या आयुष्यात फार तर दोनदा. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक गणाचे ५० जण ३५ किंवा ३६ दिवस रोजचा कारभार पाहत. त्या पन्नासांचा अध्यक्षही रोज चिठ्ठीनेच ठरे. देवळांतल्या खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्याकडे एक रात्र आणि एक दिवस राहत, आणि तो मान त्याला पुन्हा कधी मिळत नसे. एवढ्या थोड्या वेळात फार घोळ घालता येत नाही.

शिवाय चिठ्ठी निघाली म्हणजे पद मिळालं असं नव्हतं. आधी पडताळणी होई. बाप कोण, कुठल्या गावचा? आई कोण, तिचा बाप कोण? घराण्याच्या समाध्या कुठे आहेत? आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरलेस का? लढाईला गेला होतास का? कामाच्या हुशारीची परीक्षा मात्र नव्हती. वर्ष संपल्यावर पै न् पैचा हिशेब द्यावा लागे आणि तो मंजूर होईपर्यंत देश सोडता येत नसे. बहुतेक कामं दहा-दहा जणांच्या मंडळांकडे असल्यामुळे एकाच्या हाती सगळं जात नसे.

जिथे कौशल्याशिवाय चालतच नाही तिथे निवडणूक होती, उदाहरणार्थ दहा सेनापतींची. पेरिक्लीस सलग १५ वर्षं निवडून आला तो याच पदावर. बाकी ठिकाणी निवडणूक टाळण्यामागे ठाम विचार होता. मतं मागायला गेलं की श्रीमंत आणि नावाजलेले लोकच निवडून येतात. अ‍ॅरिस्टॉटल तर चिठ्ठीला लोकशाहीची आणि निवडणुकीला मूठभरांच्या राज्याची खूण मानतो. अथेन्स समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

शाळेच्या प्रदर्शनासाठी 'क्लेरोटेरिऑन' हे ग्रीकांचं सोडतीचं यंत्र पुठ्ठ्याचं करायचं आहे. रचना नेमकी कशी होती? (शिक्षिका, चिपळूण)

फार चांगली निवड आहे. मुलांना लोकशाहीची यंत्रणा हाताने चालवून पाहता येईल.

मूळ यंत्र म्हणजे संगमरवराची उभी शिळा. दर्शनी बाजूला आडव्या खाचांचे उभे स्तंभ आणि एका कडेला वरून खाली उतरणारी नळी, तिच्या तोंडाशी नरसाळं. अथेन्सच्या अगोरा (जुना बाजारचौक) संग्रहालयात ११ स्तंभांच्या अशा शिळेचा तुकडा आहे. न्यायसभांसाठी, म्हणजे खटल्यांचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या सभांसाठी, दर गणाकडे पाच-पाच स्तंभांची दोन यंत्रं असत. गणातले न्यायसभासद अल्फा ते कप्पा अशा दहा अक्षरांत विभागलेले असत आणि एकेका अक्षराला एकेक स्तंभ दिलेला असे. प्रत्येकाकडे एक पट्टी असे, पूर्वी कांस्याची, पुढे लाकडाची. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अक्षर कोरलेलं. सकाळी आपापल्या अक्षराच्या पेटीत पट्टी टाकायची. त्या पट्ट्या मग खाचांत बसवल्या जात.

यंत्र एकेकट्याला निवडत नाही, आडवी रांग निवडतं. नळीतून पांढरा फासा पडला तर त्या रांगेतले पाचही जण आत, काळा पडला तर पाचही जण तिथूनच घरी. पहिला फासा वरच्या रांगेचा, दुसरा तिच्या खालच्या रांगेचा, असं शेवटपर्यंत. सगळ्या अक्षरांतून सारखे लोक येतात ते यामुळे.

तुमच्यासाठी प्रमाण असं धरा : ५० मुलांतून २० निवडायची तर ५ स्तंभ आणि १० आडव्या रांगा. स्तंभांना अ, ब, क, ड, इ तुकड्या द्या. १० गोट्या घ्या, ४ पांढऱ्या आणि ६ काळ्या. निवडायची संख्या पाचाच्या पटीतच हवी, कारण एका गोटीबरोबर पाच जण जातात.

बिघडतं ते बहुधा नळीत. ती गोटीपेक्षा फार रुंद असेल तर दोन गोट्या तिरप्या होऊन अडकतात. १६ मिलिमीटरच्या गोटीला आतून १८-१९ मिलिमीटरची नळी पुरे. तळाशी एका गोटीच्या अंतरावर दोन आडव्या काड्या घाला. वरची काडी आत असताना खालची ओढायची, म्हणजे एकच गोटी पडते. मग खालची परत घालून वरची ओढायची, की पुढची गोटी खाली येऊन बसते. गोट्या पिशवीत हलवून एकदम नरसाळ्यात ओता. एकेक करून टाकल्या तर टाकणाऱ्याला क्रम कळतो आणि सोडतीला अर्थ राहत नाही. एखाद्या तुकडीतली मुलं कमी आली तर सर्वांत आखूड स्तंभाइतक्याच रांगा धरा आणि गोट्याही तेवढ्याच ठेवा.

आणखी एक फट आहे आणि ती अथेन्सवाल्यांनीही ओळखली होती. पट्ट्या बसवणारा आपले सगळे मित्र एकाच रांगेत बसवू शकतो, म्हणजे आले तर सगळे बरोबर येतील. म्हणून दर पेटीतून पहिली पट्टी उपसायची आणि ती ज्याची निघेल त्यानेच त्या दिवशी त्या पेटीतल्या पट्ट्या बसवायच्या, असा नियम होता. तुम्हीही तसंच करा.

वेळ उरला तर पुढचा टप्पाही दाखवा. निवडलेला माणूस भांड्यातून अक्षर कोरलेलं लाकडी ओकफळ काढी. त्यावरून त्याची न्यायसभा ठरे. मग त्या सभेच्या चौकटीच्या रंगाची काठी त्याला मिळे. दुसऱ्या रंगाच्या दारात शिरला की तो लगेच ओळखू येई. आज कुठल्या खटल्याला कोण बसणार हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसे, मग लाच द्यायची कुणाला?

सॉक्रेटिसच्या खटल्यात इतकी माणसं निकाल कशी देत? वकील, वेळ, मतदान कसं होतं? (नागपूर)

धंदेवाईक सरकारी वकील नव्हता, निकाल देणारा न्यायाधीशही नव्हता. फिर्याद कुणीही नागरिक करी, आरोपी स्वतःच बोले, आणि खाजगी दाव्यात २०१ किंवा ४०१, सार्वजनिक खटल्यात साधारण ५०१ सामान्य नागरिक निकाल देत. आपसांत चर्चा न करता ते थेट मत टाकत. समसमान मतं पडली तर आरोपी सुटे. सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला पाचवा हिस्साही मतं मिळाली नाहीत तर त्यालाच १,००० ड्रॅक्मा (चांदीची नाणी) दंड होई. फुकट खटले भरणाऱ्यांना याचा चांगलाच धाक होता.

अ‍ॅरिस्टॉटलच्या काळात मतासाठी प्रत्येकाला कांस्याच्या दोन चकत्या मिळत. दोन्हींच्या मधोमध आस, एकीचा पोकळ आणि दुसरीचा भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीला मत, भरीव म्हणजे आरोपीला. आसाची दोन टोकं अंगठा आणि बोटात धरली की कुठली चकती हातात आहे ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. खरं मत कांस्याच्या भांड्यात, उरलेली चकती लाकडी भांड्यात.

वेळ पाण्यावर मोजत. अगोरात सापडलेलं मातीचं जलघटिकापात्र सुमारे ६.४ लिटरचं आहे, म्हणजे दोन 'खोउस', आणि ते सहाएक मिनिटांत रिकामं होतं. ५,००० ड्रॅक्मांवरच्या खाजगी दाव्यात पहिल्या भाषणाला दहा खोउस पाणी मिळे, म्हणजे त्या हिशेबाने अर्धा तास. कायदे किंवा साक्षी वाचताना पाणी थांबवत. पात्रातली पातळी उतरते तसा दाब कमी होऊन धार मंदावते. म्हणून पात्र भरून मोजलेला वेळ बरोबर येतो, अर्ध्या पात्राचा येत नाही. प्रतिकृती करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सॉक्रेटिसचा खटला इ.स.पू. ३९९ चा, आरोप देवांना न मानण्याचा आणि तरुणांना बिघडवण्याचा. ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, असं प्लेटोने त्याच्या तोंडी दिलं आहे. या गुन्ह्याला कायद्याने ठरलेली शिक्षा नव्हती. अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकेक शिक्षा सुचवायची आणि सभेने त्यांतलीच एक निवडायची, मधला मार्ग नाही. फिर्यादींनी मृत्यू मागितला. सॉक्रेटिसने आधी आपल्याला सरकारी खर्चाने जेवू घालावं असं सांगितलं आणि शेवटी मित्रांच्या जामिनावर ३० मिना, म्हणजे ३,००० ड्रॅक्मा दंड सुचवला. शिक्षा त्याच्या विरोधात जायला ही पद्धतही कारण झाली.

खापरावर नाव लिहून पुढाऱ्याला हद्दपार करत, ते न्याय्य होतं का? (पुणे)

त्यात शिक्षेचा भाग कमी होता. आरोप नाही, भाषण नाही, मालमत्ता जप्त नाही. दरवर्षी लोकसभेला, म्हणजे सगळ्या नागरिकांच्या सभेला विचारत की यंदा हे करायचं का. होकार आला तर पुढे ठरल्या दिवशी अगोरात दहा दारांचं कुंपण घालत, गणागणाने लोक खापर टाकत. एकूण ६,००० खापरं भरली तर ज्याचं नाव सर्वांत जास्त त्याने दहा दिवसांत निघायचं, दहा वर्षांसाठी. घरदार आणि उत्पन्न त्याचंच राही.

गैरवापर मात्र झाला. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली आणि अक्षरं पाहता ती जेमतेम चौदाएक हातांची आहेत. कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवलेली. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या दरम्यान निकियास आणि अल्किबियाडीस या दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपले समर्थक एकत्र करून तिसऱ्याच हिपेरबोलसला बाहेर काढलं. त्यानंतर ही प्रथा पुन्हा वापरली गेली नाही.

ही लोकशाही नक्की किती जणांची होती? (मडगाव)

प्रौढ पुरुष नागरिकांची. चौथ्या शतकात ते साधारण ३० हजार होते. बायका, गुलाम आणि परगावचे रहिवासी बाहेर. परगावच्या पुरुषाला राहण्याचा कर वर्षाला १२ ड्रॅक्मा, स्वतंत्र राहणाऱ्या बाईला ६. खास परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे. स्वतः अ‍ॅरिस्टॉटल स्तागिराचा, म्हणून अथेन्समध्ये तो परकाच. नागरिकाच्या घरातल्या बाईलाही एक मेडिम्नॉस, म्हणजे सुमारे ५२ लिटर जवाच्या किमतीवरचा व्यवहार स्वतःच्या नावे करता येत नसे. अथेनाचं पुजारीपण मात्र बाईकडे होतं आणि त्याला मोठा मान होता. लावरियोनच्या खाणींतल्या ज्या चांदीवर आरमार उभं राहिलं, ती गुलामांनी खणलेली. लोकशाहीचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

इ.स.पू. ४५१-४५० मध्ये पेरिक्लीसनेच आईबाप दोघंही अथेन्सचे असले तरच नागरिकत्व, असा कायदा करवून घेतला. पुढे साथीत त्याचे दोन्ही औरस मुलगे गेले आणि मिलेटसच्या अस्पासियापासून झालेल्या मुलाला नागरिक करण्यासाठी त्याला लोकांकडे अपवाद मागावा लागला. तो मिळाला. हाच मुलगा इ.स.पू. ४०६ मध्ये सेनापती म्हणून आर्गिनुसाईची लढाई जिंकून आला आणि बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून इतर सेनापतींबरोबर लोकसभेने त्याला मृत्युदंड दिला. सगळ्यांचा निवाडा एकदम करणं बेकायदा आहे, असं म्हणून त्या दिवशी कारभारी पन्नासांतला सॉक्रेटिस विरोधात उभा राहिला होता.

कार्ल्याच्या लेण्यात खांब देणारे 'यवन' हे अथेन्सचेच लोक का? (लोणावळा)

नाही. 'यवन' किंवा 'योनक' हा तेव्हा ग्रीकांसाठीचा शब्द. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांचे दान आहेत, पण काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांचा, अथेन्सच्या लोकशाहीनंतर कितीतरी शतकांचा. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं इंद्राग्निदत्ताचं. तो स्वतःला उत्तरेकडचा, दातामितीचा योनक म्हणवतो. त्याच्या बापाचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित. जुन्नरला एका यवनाने पाण्याची दोन टाकी, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला. नावं आणि श्रद्धा इथल्याच झालेल्या. हे लोक वायव्येकडच्या ग्रीक राज्यांशी आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराशी जोडून पाहावे लागतात. चिठ्ठ्यांच्या राज्याशी त्यांचा संबंध दाखवणारं लेखांत काहीही नाही.

लेख पाहायला जाल तेव्हा विजेरी खांबाच्या बाजूने तिरपी धरा. समोरून उजेड टाकला तर उथळ ब्राह्मी अक्षरं सपाट दिसतात. खडूने अक्षरं भरू नका, त्याने दगड खराब होतो.