मेमरी जास्त, मग मागणी कमी का?

प्रश्न : एएमडीच्या ‘एमआय३००एक्स’ या चिपला एनव्हिडियाच्या ‘एच१००’पेक्षा दुपटीहून अधिक मेमरी आहे, असे वाचनात आले. तरीही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाजारात एनव्हिडियाचेच वर्चस्व कसे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘एच१००’ची मेमरी ८० जीबी, तर डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘एमआय३००एक्स’ची १९२ जीबी आहे. हा फरक किरकोळ नव्हे. ७० अब्ज पॅरामीटर (म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) असलेले भाषा-मॉडेल प्रत्येकी दोन बाइट धरून साठवायचे, तर १४० जीबी जागा लागते. त्यासाठी ‘एच१००’च्या किमान दोन चिप जोडाव्या लागतात आणि त्यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीत वेळ जातो, एएमडीच्या एकाच चिपमध्ये ते मॉडेल मावते.

तरीही पारडे एनव्हिडियाकडे झुकते, याचे खरे कारण माझ्या मते सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘कुडा’ ही आपली प्रोग्रॅमिंग प्रणाली एनव्हिडियाने २००६ मध्येच जाहीर केली, म्हणजे तिच्या चिपचा मुख्य ग्राहक व्हिडिओ गेम खेळणारा होता तेव्हा. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी एनव्हिडियाच्या गेमिंगच्या दोन साध्या ग्राफिक्स कार्डांवर ‘अ‍ॅलेक्सनेट’ हे चित्रे ओळखणारे मॉडेल घडवले, तेही ‘कुडा’च्याच आधाराने. तेव्हापासून विद्यार्थी तीच प्रणाली शिकत आले, तयार कोडचे संच (लायब्ररी) तिच्यासाठीच लिहिले गेले आणि चुका प्रथम तिच्यातच दुरुस्त होत गेल्या. एएमडीची ‘रॉकएम’ ही तशीच प्रणाली ‘कुडा’नंतर दहा वर्षांनी, २०१६ मध्ये आली. ‘पायटॉर्च’सारख्या मॉडेल घडवण्याच्या साधनांमुळे आता बराचसा कोड दोन्हीकडे चालतो हे खरे, परंतु चिपची पूर्ण ताकद काढून घेणारे बारीक काम अजूनही प्रत्येक चिपसाठी वेगळे करावे लागते, आणि त्याचा खर्च किमतीच्या फलकावर दिसत नाही.

गूगलने या अडचणीला वेगळ्या वाटेने बगल दिली. २०१५ पासून ती स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ‘टीपीयू’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची स्वतःची चिप वापरते, आणि चिप व सॉफ्टवेअर दोन्ही घरचेच असल्याने तिला सुरुवातीला बाहेरच्या प्रोग्रॅमरांची मनधरणी करावी लागली नाही.

आणखी एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. ‘एच१००’ आणि ‘एमआय३००एक्स’ या दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप घडवणाऱ्या कंपनीकडेच तयार होतात. त्यामुळे एएमडीला उद्या भरपूर ग्राहक मिळाले, तरी त्या कारखान्यात पुरेशी उत्पादनक्षमता राखून ठेवलेली असल्याखेरीज तिला बाजारात माल ओतता येणार नाही.