फोनच्या नकाशाने पोहोचतो, मग वाट का आठवत नाही?

प्रश्न : बहिणीच्या नव्या घरी फोनचा नकाशा लावून पाच-सहा वेळा गेले, तरी फोनशिवाय वाट सापडत नाही. वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग कल्पनेलाही लागतो म्हणतात, ते खरं का? आणि वाट पाठ होण्यासाठी काय करावं?

उत्तर : खरं आहे. त्या भागाचं नाव हिपोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आत खोलवर एकेक असतो, समुद्रघोड्यासारखा वळलेला. विशिष्ट जागी पोहोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी त्यात असतात, हे जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना १९७१ मध्ये उंदरांत दिसलं.

कल्पनेचा संबंध २००७ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात स्पष्ट झाला. हिपोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना समुद्रकिनाऱ्यासारखी दृश्यं मनात उभी करायला सांगितली. पाचपैकी चौघांना ते नीट जमलं नाही. वाळू, पाणी, आकाश हे तुकडे सुचत, पण त्यांची मिळून एक सलग जागा होईना. वाट आठवतानाही हेच जुळवण्याचं काम लागतं.

‘पुढे डावीकडे वळा’ ऐकून वळलात की ती जुळवणी होतच नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला. ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांत तसं दिसलं नाही. नुसतं गाडी चालवून भागत नाही ते यामुळेच.

आता उपाय. निघण्यापूर्वी उत्तर दिशा वर ठेवून अख्खा मार्ग एकदा पाहा. गाडीबरोबर फिरणारा नकाशा दिशेचं भान येऊ देत नाही. वळणावरच्या तीन-चार खुणा निवडा. देऊळ, टाकी, पूल चालेल. उभी असलेली गाडी किंवा फलक नको, ते बदलतात. मग डोळे मिटून घरापासून दारापर्यंत मनातल्या मनात चालून या. जिथे चित्र अडेल, तेवढंच वळण नकाशात पुन्हा बघा. वाटेत आवाज बंद, फोन फक्त चुकल्यावर. जाताना प्रत्येक खुणेपाशी मान वळवून मागे बघाच, कारण परतताना तोच चौक उलट्या बाजूने दिसतो आणि बहुतेक जण तिथेच चुकतात.

मात्र घरातलं वयस्कर माणूस वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर वाट चुकू लागलं, तर हे उपाय करत बसू नका. अल्झायमरची सुरुवात बहुधा याच भागाच्या शेजारी होते. मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.