पीएक्सईला आयपी मिळतो, मग डेबियन इन्स्टॉलर डीएचसीपीवर का अडकतो?

तुम्ही म्हणता की पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून, डेबियन लिनक्स टाकताना लॅबमधले काही पीसी डीएचसीपीवर, म्हणजे सर्व्हरकडून आयपी पत्ता मागण्याच्या पायरीवर, अडकतात आणि हाताने रिट्राय केलं की चालतात, म्हणजे प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) चुकलेली नाही, वेळेचा घोळ आहे. फोंड्याच्या एका लॅबमध्ये मी डिट्टो हेच बघितलंय, दोन दिवस डीएचसीपी सर्व्हरच तपासत बसलो होतो आणि दोष निघाला स्विचमध्ये, म्हणजे सगळे पीसी ज्या पेटीत जोडलेले असतात तिच्यात.

होतं काय, की पीएक्सई संपून लिनक्सचा ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो तेव्हा लिंक क्षणभर पडते, आणि जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कात लूप होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) चालू असेल तर स्विच तो पोर्ट परत 15 अधिक 15 असे 30 सेकंद अडवून धरतो. पीएक्सई 4, 8, 16, 32 सेकंद थांबत विचारत राहतो म्हणून तो तरतो, इन्स्टॉलर तेवढा धीर धरत नाही. पोर्टावरचा दिवा बघा, बऱ्याच स्विचांवर पोर्ट अडवलेला असताना तो नारिंगी असतो; नारिंगी असताना एरर आला आणि मग हिरवा झाला तर हेच.

पीसीच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (हे 30 सेकंद वगळून पोर्ट लगेच चालू करणारी स्विचची सेटिंग) लावा, पण स्विच ते स्विच पोर्टावर अजिबात नको हां, लूप होऊ शकतो, म्हणजे डेटा नेटवर्कात गोल गोल फिरत राहतो. स्विच तुमच्या हातात नसेल तर इन्स्टॉलरचा डीएचसीपी टाइमआउट 60 सेकंद करा, आणि तो पीएक्सईच्या बूट ओळीत (इन्स्टॉलर सुरू करणाऱ्या ओळीत) टाका, प्रीसीड फाइलीत नाही, कारण ती फाइलच नेटवर्क आल्यावर येते. लिंकसाठी डेबियन मुळात 3 सेकंदच थांबतो, तेही 10 करून टाका.