गाळाचे पट्टे आणि कक्षेचे घड्याळ

प्रश्न : सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी ५ ते ८ अंशांनी तापली, असे वाचले. इतक्या जुन्या घटनेचा काळ कक्षेवरून कसा काढतात? ती तापली तीही कक्षेमुळेच का?

उत्तर : आधी काळाचे पाहू. पृथ्वीच्या अक्षाचे परांचन, म्हणजे भोवऱ्यासारखे डोलणे, आणि कक्षेचे स्वतःचे फिरणे मिळून होणारे चक्र सुमारे २१ हजार वर्षांचे. कक्षा कमी-जास्त लांबट होण्याची चक्रे दोन, साधारण १ लाख आणि ४ लाख ५ हजार वर्षांची. समुद्रतळाच्या गाळात चुना आणि चिकणमाती यांचे प्रमाण या तालावर बदलते आणि फिकट-गडद पट्टे पडतात. समजा पट्टे दर २० सेंमीला आहेत, दर मीटरला जरा ठळक आणि दर ४ मीटरला सर्वांत ठळक. हे १:५:२० प्रमाण कक्षेच्या चक्रांशी जुळते. म्हणजे १ सेंमी गाळ साचायला सुमारे हजार वर्षे लागली.

घोळ होतो तो नेमका तापमानवाढीच्या थरात. समुद्रात मिसळलेल्या कार्बनमुळे पाण्याची आम्लता वाढली, चुन्याची कवचे विरघळली, उरली फक्त चिकणमाती. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर हा थर २० ते ५० सेंमीच भरतो. तिथे सेंमीला हजार वर्षे ही मोजपट्टी नुसती लावली तर हजारो वर्षे हिशेबातून गळतात. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर समुद्रतळात छिद्र पाडून काढलेले गाळाचे नमुने ताडून पाहावे लागतात. शिवाय नमुन्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात गाळ निसटतो, त्यासाठी शेजारी खोली थोडी बदलून दुसरे छिद्र घेतातच.

आणखी एक अडचण अशी, की सुमारे ५ कोटी वर्षांपलीकडे ग्रहकक्षांचे गणित भरवशाचे राहत नाही. ४ लाख ५ हजार वर्षांचे चक्र मात्र शुक्र आणि गुरू यांच्यामुळे स्थिर असते. त्याच्याच आधारे २०१९ मध्ये या घटनेची सुरुवात ५ कोटी ६० लाख १० हजार वर्षांपूर्वीची ठरली, ५० हजार वर्षे इकडेतिकडे. मुख्य टप्पा सुमारे १ लाख ७० हजार वर्षे टिकला.

आता कारण. सुरुवात कक्षा सर्वाधिक लांबट असतानाच झालेली दिसते. नंतरच्या, सुमारे २० लाख वर्षांनी आलेल्या लहान तापमानवाढीचेही तसेच. पण लांबट कक्षेने वर्षभराची एकूण उष्णता नगण्य बदलते, वाढतो तो ऋतूंमधला फरक. हवेत आणि समुद्रात मिसळलेला हजारो अब्ज टन कार्बन कक्षा आणू शकत नाही. त्याच काळात उत्तर अटलांटिकमध्ये प्रचंड ज्वालामुखी जागे होते, आणि आमच्या मते मुख्य वाटा तिथलाच असावा.