पिस्तुलाचा गाइड रॉड बदलावा का, आणि बदलायचाच तर कोणता?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: परवान्यावर .३२ बोअरचं पिस्तूल आहे, व्हिडिओत स्टीलचे आणि टंगस्टनचे गाइड रॉड (स्प्रिंगच्या पोटातली सळई) पाहिले, त्यानं झटका कमी होतो म्हणतात, आणि तालुक्याच्या गावचा लेथवाला तसाच रॉड कातून देतो म्हणतो. तर करून घ्यावा का?

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता वर्धा जिल्ह्यात शेती पाहतो. लेथवरचा रॉड अजिबात घेऊ नका. विकतचाही, जुना वाकला किंवा तुटला असेल तरच घ्या.

पण त्याआधी तुमच्या पिस्तुलात गाइड रॉड आहे का, तेच पाहा. .३२ ची बरीच पिस्तुलं ब्राउनिंगच्या १९१० मॉडेलच्या किंवा वाल्थर पीपीकेच्या घडणीची असतात. त्यांत स्प्रिंग थेट बॅरलवर (नळीवर) चढवलेली असते, बॅरलच तिला सरळ ठेवते. रॉड नावाचा वेगळा भागच नसतो. कोल्ट १९०३ च्या घडणीत मात्र स्प्रिंग बॅरलच्या खाली असते आणि तिच्या पोटात बारीक रॉड जातो.

गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे येते आणि स्प्रिंग दाबली जाते. मग तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि मॅगझिनमधला वरचा राउंड (काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत जातो. दाबली जाताना स्प्रिंग वाकू नये, एवढंच रॉडचं काम. जोर घेते ती स्प्रिंग. ग्लॉकनं पहिल्या तीन पिढ्यांच्या मोठ्या ९ एमएम पिस्तुलांत प्लास्टिकचाच रॉड दिला आणि त्यावर ती पिस्तुलं जगभर पोलिसांनी वापरली. तेव्हा प्लास्टिक म्हणजे कमअस्सल, हे डोक्यातून काढा. २०१० च्या चौथ्या पिढीत त्यांनी एकात एक अशा दोन स्प्रिंगा दिल्या, आणि तो जोड तिसऱ्या पिढीच्या पिस्तुलात बसत नाही. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत ही गत, तर ‘सगळ्याला चालतो’ म्हणून विकला जाणारा रॉड कशाला घ्यायचा?

टंगस्टनचं म्हणाल, तर तो स्टीलच्या जवळपास अडीच पट जड. ते वजन बॅरलच्या खाली, पुढे येतं, म्हणून गोळी सुटताना पिस्तुलाचं तोंड थोडं कमी उचलतं. एका मागोमाग शेकडो राउंड मारणाऱ्या स्पर्धकाला तो फरक जाणवेल. .३२ चा झटका मुळातच हलका, तुमच्या हाताला काय कळणार? कोल्ट १९११ पिस्तुलाला जॉन ब्राउनिंगनं आखूड गाइडच दिला होता, आणि त्यावर ते अमेरिकी सैन्यात सात दशकांहून जास्त चाललं. पूर्ण लांबीचे रॉड बाजारात नंतर आले, त्यातले काही तर पाना लावल्याशिवाय खोलताच येत नाहीत.

आता लेथवाल्याकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. ट्रॅक्टरची पिन तो उत्तम करेल. इथं रॉड जरासा लांब झाला तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतुसाची रिकामी केस (टरफल) अडकते. जाड झाला तर स्प्रिंग घासते. फौजेतल्या, ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ९ एमएम १ए पिस्तुलात गाइडच्या मागच्या टोकाला भोक असतं आणि त्यात स्प्रिंगवर दाबलेली, बेअरिंगसारखी बारीक गोळी. स्लाइड स्टॉपची (स्लाइड अडवणाऱ्या खटक्याची) पिन तीच धरून ठेवते. नुसता बाहेरून नमुना पाहून कातणाऱ्याला हे दिसतही नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि ते बनवायला किंवा दुरुस्त करायला कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. त्याचाही जीव गोत्यात, तुमचाही.

पैसा घालायचाच तर स्प्रिंगवर घाला. रिकाम्या केसा पूर्वीपेक्षा लांब उडू लागल्या किंवा स्लाइड पूर्ण मिटेना, तर स्प्रिंग थकली समजा. नवी घ्याल ती कंपनीच्याच ताकदीची. कडक स्प्रिंगनं .३२ चा राउंड स्लाइडला पुरता मागे ढकलू शकत नाही. आणि भाग कोणताही बदला, तो रेंजवर राउंड मारूनच पारखावा लागतो. आपल्याकडे वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर ठरलेलं, किंमतही परवडणारी नाही. हौसेच्या रॉडसाठी ती जाळायची का, तुम्हीच ठरवा.

रॉड खरंच मोडला असेल, तर परवानाधारक डीलरकडून त्याच मॉडेलचा मागवा आणि त्याच्याच समोर बसवून घ्या. आधी मॅगझिन बाहेर, मग चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासायचा. डोळ्यांवर चष्मा हवा, सुटी स्प्रिंग उसळून सरळ तोंडावर येते. नवीन स्प्रिंग टाकण्याआधी तिच्याशिवाय स्लाइड जेवढी मागे जाते तिथं फ्रेमवर पेन्सिलची खूण करा. स्प्रिंग बसवल्यावर स्लाइड त्या खुणेपर्यंत पोचली नाही, तर वेटोळे एकमेकांना भिडताहेत; तो जोड परत करा. मग रिकामं पिस्तूल तोंड वर धरून स्लाइड हळूहळू पुढे सोडा. ती आपल्या जोरानं पूर्ण मिटली पाहिजे.

पुसायला कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात जास्तीचं तेल ओघळून धूळ धरतं, म्हणून बोट फिरेल एवढंच लावा. निवडणुकीत पिस्तूल ठाण्यात जमा करताना मात्र तेलाचा हात जरा सैल सोडा, तिथं ते महिनाभर कुणी पुसत नाही.

स्लाइडवर कंपनी आणि मॉडेल काय कोरलंय ते लिहा, नंबर लिहू नका. म्हणजे तुमच्या घडणीत रॉड आहे की नाही, ते नेमकं सांगता येईल.